मधली गाडी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक बारीकशी तरतूद आहे. बॅटरीवरच्या ज्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, ती कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे. (वजनाचीही अट आहे, ती तूर्त बाजूला ठेवू.) तिला आरटीओचा नंबर लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. सायकलीला मोटर जोडलेली ई-सायकल आणि अगदी हळू पळणारी स्कूटर या रेघेच्या अलीकडे राहतात. चाळीस, पन्नास, सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या साऱ्या गाड्या पलीकडे. कामावर जायला इलेक्ट्रिक दुचाकी घ्यायची म्हणून शोरूमची पायरी चढणारा माणूस पहिल्यांदा विचारतो की एका चार्जिंगमध्ये किती जाते, आणि मग विचारतो की बॅटरी किती वर्षे टिकते. प्रश्न रास्तच आहेत. पण रोजच्या वाहनांचा इतिहास पाहिला तर त्यांचा निकाल यंत्राच्या गुणांवर क्वचितच लागलेला दिसतो. घर आणि काम यांच्यातले अंतर किती, मागे कोण बसणार आणि सरकारने रेघ नेमकी कुठे ओढली, या तीन गोष्टींनी तो लागत आला आहे. हे तपासून पाहायला पुण्याइतके सोयीचे शहर नाही. सायकल, लूना, स्कूटर आणि आता इलेक्ट्रिक गाडी या चारही वाहनांच्या पिढ्या इथल्या रस्त्यांवरून गेल्या, आणि त्यांतल्या शेवटच्या तिन्ही घडवण्यात इथल्या उद्योजकांचा मोठा हात राहिला.

यंत्र तयार असणे आणि ते रोजच्या वापरात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इलेक्ट्रिक सायकलीच्या जन्मकथेतच दिसते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कँटन गावचे ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचे पेटंट मिळाले. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आणि बॅटरी चौकटीच्या त्रिकोणात, अशी ती रचना होती. आजच्या कित्येक ई-सायकली अशाच असतात. दोनच वर्षांनी बोस्टनच्या होसिया लिबी यांनी मोटर पायडलच्या आसाशी नेली. म्हणजे हब मोटर बरी की मिड-ड्राइव्ह, यावर आज जो खल चालतो त्याच्या दोन्ही बाजू एकोणिसाव्या शतकातच मांडून झाल्या होत्या. तरीही ही सायकल सुमारे शंभर वर्षे जवळजवळ पेटंटच्या कागदांतच राहिली. शिशाची बॅटरी फार जड होती, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. त्याकडे पुढे येऊच.

पुण्यात सायकल रुळली, कारण गाव तिच्या मापाचे होते. पेठांतून नदीपलीकडच्या फर्ग्युसन कॉलेजला, कॅम्पातल्या लष्करी कचेऱ्यांत, किंवा १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जायचे तर रस्ता बऱ्यापैकी सपाट आणि तासाभराच्या आतला. रोज पायी जायला लांब आणि रोज टांगा करायला महाग, अशा या टप्प्यात सायकलीला तोड नव्हती. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने पेठोपेठी होती. सायकलीवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळे. संध्याकाळी दिवा नसला किंवा कोणी डबलसीट निघाले की पोलीस अडवी. या आठवणी आपल्याकडे हळवे होऊन सांगितल्या जातात, आणि त्या नादात त्यांच्यातला पुरावा हातचा जातो. बिल्ल्यावरून कळते की निव्वळ पायाने चालवायची सायकलसुद्धा एकेकाळी कर भरून मिरवायचे वाहन होते. कायद्याची रेघ कोणत्याही यंत्राच्या अंगभूत गुणावरून पडत नाही, ती हलवता येते. आणि डबलसीटच्या दंडावरून कळते की एकट्यासाठी बनवलेल्या वाहनावर पुणेकर दुसऱ्याला बसवतच होता. दंड भरूनही बसवत होता.

हे माप मोडले ते दोन बाजूंनी, आणि बरेचसे एकाच दशकात. एकीकडे काम लांब गेले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या जागेवर पिंपरी-चिंचवडचा पट्टा उभा राहिला, टेल्को आली, आकुर्डीला बजाजचा कारखाना आला. पेठेतल्या कामगाराला एकेरी बारा-पंधरा किलोमीटर पडू लागले. दुसरीकडे घर लांब गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, आणि पूरग्रस्तांची वस्ती गोखलेनगरसारख्या, सहकारनगरसारख्या भागांत झाली. नकाशावर ही ठिकाणे जवळच दिसतात, पण तिथला रस्ता टेकडीच्या अंगाने चढतो. ऑफिसातून दमून परतणाऱ्या माणसाला सायकलीवर शेवटचा टप्पाच नको होतो, आणि नेमका तोच चढाचा. बस होती, पण पाळीच्या वेळेला ती मिळेल याचा भरवसा नव्हता. स्कूटरही होती. बजाज १९६० च्या सुमारापासून इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होते आणि १९७२ मध्ये त्यांची चेतक आली. पण लायसन्स-परमिटच्या राज्यात उत्पादनावरच मर्यादा होती. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे, नाहीतर परदेशातल्या नातेवाइकाकडून परकीय चलन भरवून घ्यायचे. सायकल अपुरी पडत होती आणि स्कूटर मिळत नव्हती. दोहोंच्या मधली जागा रिकामी होती.

ती जागा लूनाने भरली. एच. के. फिरोदिया आणि अरुण फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये ही गाडी आणली, तीही पियाजिओच्याच चिआओ या मोपेडच्या धर्तीवर. ५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, किक नाही, किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास. मध्यमवर्गाला ती दुकानातून घेता येत होती, तिच्यासाठी नंबर लावून बसावे लागत नव्हते. लूना सुरू करण्याची रीत आता पाहायला मिळत नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, सीटवर बसून पायडल मारायचे, मागचे चाक जागच्या जागी गरगरले की इंजिन पकडे. मग स्टँडवरून पुढे ढकलून मूठ पिळायची. चढावर इंजिनाचा दम सुटू लागला की पुन्हा पायडल. पेट्रोल संपले तर पंपापर्यंतही पायडल. दोन पायांमधल्या मोकळ्या जागेत गॅसचे सिलिंडर, दुधाचा कॅन, पिठाचा डबा, शाळेचे दप्तर, काय वाटेल ते मावे. सायकलीची सवय असलेल्या माणसाला काहीही नवे शिकावे लागत नव्हते, आणि मला वाटते लूनाचे खरे यश यातच होते. तिचा मालक सायकलस्वारच राहिला; फक्त त्याचा पल्ला वाढला आणि चढ सपाट झाला.

या पायडलकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण जगभर मधल्या गाडीचे नशीब त्याच्याशी जोडलेले दिसते. युरोपात ५० सीसीच्या आतल्या मोपेडला सायकलीच्या जवळचे मानून सवलती मिळाल्या. इटलीत चौदा वर्षांची मुले ती लायसन्सविना चालवत. भारतात अशी मोठी सूट नव्हती. लूनाला नंबर लागे, लायसन्स लागे. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीसाठी वयाची अट सोळावर ठेवली, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मोपेड मिळण्याची प्रथा त्या एका आकड्यावर उभी राहिली. जपानमध्ये यामाहाने १९९३ मध्ये पास नावाची सायकल आणली, तेव्हा तिच्या अभियंत्यांपुढे यंत्राइतकाच कायद्याचाही पेच होता. मूठ पिळून चालणारी मोटर बसवली तर ती मोपेड ठरणार, म्हणजे लायसन्स आले, हेल्मेट आले. म्हणून त्यांनी मोटर पायाच्या जोराशी बांधली. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढीच भर मोटर घालणार, तीही ताशी पंधरा किलोमीटरपर्यंत. पुढे ती कमी होत होत चोविसाला थांबणार. पाय थांबले की मोटरही थांबते. आज जगभर पेडल असिस्ट म्हणून जे विकले जाते त्याचा पाया हा असा कायद्याला धरून घातला गेला. चीनमध्ये याच्या उलट गंमत झाली. तिथल्या १९९९ च्या मानकाने वीस किलोमीटरच्या आतल्या, पायडल असलेल्या विजेच्या गाडीला सायकल मानले, आणि मोठमोठ्या शहरांनी पेट्रोलच्या मोटरसायकलींवर बंदी आणली. मग कारखान्यांनी सरळ स्कूटर बनवल्या आणि त्यांना नावापुरती पायडले जोडली. गिऱ्हाईक ती घरी गेल्यावर काढून ठेवी. २००४ च्या वाहतूक कायद्याने या गाड्यांना बिगर-मोटर वाहनांत बसवले आणि चीनमधली विक्री वर्षाला कोटींच्या घरात गेली.

आता बॅटरीच्या आक्षेपाकडे वळू. भारतात २००६-०७ च्या सुमारास हळू इलेक्ट्रिक स्कूटरची पहिली लाट आली. गुजरातच्या इलेक्ट्रोथर्मच्या यो-बाइक, पाठोपाठ हीरो इलेक्ट्रिक, आणि इतर बरेच. लायसन्स नको, नंबर नको, पेट्रोल नको, ही जाहिरात पुण्यातही कानावर आली. २०१० च्या अखेरीस नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान सुरू केले. मार्च २०१२ मध्ये ते संपले आणि विक्री कोसळली. याचे खापर शिशाच्या बॅटरीवर फुटते. वर्ष-दीड वर्षात ती मान टाके, नवी घ्यायला पुन्हा मोठा खर्च येई, आणि ग्राहक कायमचा विटे. हे सगळे झाले, नाही असे नाही. पण त्याच काळात, तसल्याच शिशाच्या बॅटरीवर, चीनमध्ये कोट्यवधी गाड्या चालत होत्या. बॅटरी हेच मुख्य कारण असते तर तिथेही ती लाट ओसरायला हवी होती. फरक रस्त्यात होता. चिनी शहरांत सायकलींसाठी वेगळ्या रुंद मार्गिका आधीपासून होत्या आणि त्यांतून वीसच्या वेगाने जाणारी गाडी सुरक्षित होती. पुण्यात तीच गाडी सातारा रस्त्यावर किंवा नगर रस्त्यावर बस, ट्रक आणि साठच्या वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलींच्या मध्ये सापडे. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तिच्या कडेला सायकल ट्रॅकही आखले गेले. पण तुकड्यातुकड्यांचे, मध्येच संपणारे, आणि लवकरच पार्किंगने व हातगाड्यांनी व्यापलेले. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही झाला. कागदावर तो चांगला आहे.

दुसरे कारण साध्या गणिताचे आहे, आणि विक्रेते ते सहसा सांगत नाहीत. सत्तर किलोचा माणूस, पंचवीस-तीस किलोची ई-सायकल, असे शंभर किलोचे ओझे शंभर मीटरला पाच मीटर अशा चढावर ताशी पंधराच्या वेगाने न्यायचे तर चाकाशी साधारण अडीचशे वॅट लागतात. स्वाराने पायाने शंभरेक वॅट दिले की मोटरला उसंत मिळते. आता पायडल नसलेली साठ-सत्तर किलोची हळू स्कूटर घ्या आणि मागे बायको किंवा मुलगा बसवा. ओझे दोनशेच्या घरात गेले, गरज पाचशे वॅटच्या आसपास. नियमातला २५० चा आकडा सलग अर्धा तास देता येणाऱ्या शक्तीचा असतो, त्यामुळे क्षणभर मोटर जास्त जोर लावू शकते; पण चढ काही क्षणात संपत नाही. लूना अशा वेळी पायडल मागे, आणि १९८० मध्ये आलेल्या टीव्हीएस ५० ने तर मोपेड दोघांसाठीच बनवली. हळू इलेक्ट्रिक स्कूटरने पायडल काढून टाकले आणि त्याच्या जागी जोर दिला नाही. कायद्याच्या अलीकडे राहण्याची ती किंमत होती. बिल्ल्याच्या काळात दंड भरून डबलसीट जाणाऱ्या शहरात एकट्यापुरती गाडी खपणार नव्हती, हे सायकलीच्याच इतिहासात लिहिलेले होते.

यावर कोणी म्हणेल की माणसाला मुळात वेगच हवा असतो आणि प्रतिष्ठाही हवी असते. सायकल गेली ती गरिबीची खूण ठरली म्हणून, आणि लूना गेली ती मोटरसायकलपुढे पोरकट दिसू लागली म्हणून. प्रतिष्ठेचे हे स्पष्टीकरण मला आळशी वाटते. लूनाला प्रतिष्ठा कधीच नव्हती, तरी ती पिढीभर खपली. ती मागे पडू लागली ती १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आल्यानंतर. बटण दाबून सुरू होणारी, बिनगिअर, दोघांना ऐसपैस नेणारी ही गाडी. साडी नेसून चालवता येणारी, स्टँडवर चढवून पायडल मारायला न लावणारी. पुण्यातल्या नोकरदार आणि शिकणाऱ्या स्त्रियांच्या हाती स्वतःचे वाहन आले त्यात या गाडीचा आणि तिच्या मागून आलेल्या हलक्या बिनगिअर स्कूटरांचा वाटा मोठा आहे. इथे वेगाचा मोह कुठे दिसतो? दिसते ती सोय आणि मागची सीट. शिवाय १९९१ नंतर नंबर लावणे संपले, कर्जे सोपी झाली. स्कूटर मिळत नाही म्हणून जी मधली जागा रिकामी होती ती उरलीच नाही. वेगाबद्दल इतकेच खरे की सगळा रस्ता पन्नासने चालू लागला की पंचवीसने जाणाऱ्याला भीती वाटते. त्या भीतीला हौस म्हणणे अन्यायाचे होईल.

सरकारनेही पुढे वेगाच्याच बाजूने कौल दिला. केंद्राच्या २०१९ च्या फेम-२ योजनेत इलेक्ट्रिक दुचाकीला अनुदान हवे असेल तर कमाल वेग निदान चाळीस आणि रेंज निदान ऐंशी किलोमीटर हवी, अशी अट आली. शिशाची बॅटरी आधीच बाद झाली होती. जून २०२१ मध्ये अनुदान बॅटरीच्या किलोवॅट-तासाला दहावरून पंधरा हजार रुपये झाले, जून २०२३ मध्ये पुन्हा दहावर आणि किमतीच्या जास्तीत जास्त पंधरा टक्क्यांवर आले. या चढउतारात पंचवीसच्या आतली गाडी कुठेच नव्हती. तिची तर मोजदादही होत नाही: नोंदणीच नसल्यामुळे आरटीओच्या आकड्यांत तिचा पत्ता लागत नाही, आणि उद्या कोणी या काळाचा इतिहास लिहायला बसेल त्याला ती अस्तित्वातच नव्हती असे वाटेल. ज्यांनी ती घेतली त्यांतल्या अनेकांनी मोटरचा लगाम काढून वेग वाढवला, इतका की २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाला अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाई करावी लागली. चीनमध्ये पायडल उतरवले गेले, इथे लगाम उतरवला गेला. दोन्हीकडे लोकांनी कायद्याची सवलत घेतली आणि गरज मात्र स्वतःच्या रस्त्याप्रमाणे भागवली. जानेवारी २०२० मध्ये बजाजने चेतक हे नाव पुन्हा काढले, या वेळी विजेवर आणि पहिल्यांदा पुणे व बंगळुरूतच. फेब्रुवारी २०२४ मध्ये फिरोदियांच्या घरातून ई-लूना आली: दोन किलोवॅट-तासाची बॅटरी, ताशी पन्नासचा वेग, पुढे सामानाची तीच मोकळी जागा. आरटीओचा नंबर आहे. पायडल नाही.

तेव्हा आज हिंजवडीला जाणारा आणि शनिवार पेठेतून डेक्कनला जाणारा, दोघांनी एकच गाडी पाहण्यात अर्थ नाही. पेठेतून हिंजवडी जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या आसपास. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला साधारण तीस वॅट-तास खाते, म्हणजे दीड किलोवॅट-तासाच्याही आत काम होते. बाजारातल्या दोन-तीन किलोवॅट-तासाच्या बहुतेक गाड्यांना हे सहज झेपते, आणि त्याहून मोठ्या बॅटरीसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे वर्षातून दोनदा लागणाऱ्या पल्ल्याचे वजन रोज वाहणे. इथे नोंदणीची, चाळीसच्या वरची गाडीच हवी, कारण तो रस्ता दुसरे काही चालू देत नाही. चार-सहा किलोमीटरवर काम असेल, एकट्याने जायचे असेल आणि गल्ल्यांतून वाट निघत असेल, तर पायडलची ई-सायकल अजूनही सर्वांत हुशारीची निवड आहे. तिची साडेतीनशे-चारशे वॅट-तासांची बॅटरी तीस किलोमीटर नेते आणि दोन-तीन किलो वजनाची असल्याने काढून वर नेता येते. पायडल नसलेली हळू स्कूटर मात्र मला या दोहोंत कुठेच बसताना दिसत नाही. लायसन्स नसलेल्या आजोबांनी सपाट कॉलनीत भाजी आणण्यापुरती ती ठीक. कामावर जायला ती घेणाऱ्याला रेघेच्या दोन्ही बाजूंचे तोटे पदरी पडतात: सायकलीचा वेग आणि स्कूटरचे वजन.

राहिला प्रश्न प्लगचा. लूना वाड्याच्या चौकात उभी राही आणि तिला घरातून काही लागत नसे. इलेक्ट्रिक स्कूटरला घराची वीज लागते. २०१९ मध्ये केंद्राने आदर्श बांधकाम उपविधींत नव्या इमारतींच्या वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय असावी असे सुचवले. ते नव्या इमारतींसाठी. सदाशिव पेठेतल्या किंवा सहकारनगरातल्या चाळीस वर्षांच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत पार्किंगचा एकच दिवा सोसायटीच्या मीटरवर असतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला आपल्या मीटरची वायर खाली आणायची तर मालकाची परवानगी, सोसायटीचा ठराव आणि वायरमन, तिन्ही लागतात. पक्क्या बसवलेल्या बॅटरीची स्कूटर त्याच्या यादीतून तिथेच बाद होते. त्याच्यासाठी उरते ती काढता येणाऱ्या बॅटरीची गाडी, आणि तिच्यातही बॅटरीचे वजन किती हे त्याने शोरूममध्ये स्वतः उचलून पाहावे, कारण ती रोज रात्री तीन मजले चढवायची आहे.